बॅक कॉम्प्रेशनची कुळकथा

नवापूर म्हटलं की बहुतेकांना नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवतं. हे ते नव्हे. बोईसर स्टेशनवर उतरून पश्चिमेची वाट धरली, तारापूर एमआयडीसी मागे टाकली, की दांडी-उच्छेळीच्या शेजाराला समुद्राला टेकलेलं पालघर तालुक्यातलं नवापूर लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारल्या जातात, जाळी उसवून पुन्हा विणली जातात, आणि हंगामभर रात्रंदिवस चाललेलं इंजिन एकदाचं थंड होऊन मेकॅनिकच्या हाती लागतं.

पण इंजिन खोलायचं की नाही, हे ठरतं ते चालू असतानाच. त्याची परीक्षा दोन मिनिटांची. मेकॅनिक ऑईल भरायच्या तोंडावरचं झाकण काढतो आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवून देतो. मग आवाज वाढवून बघत राहतो. झाकण जागच्या जागी थरथरत राहिलं, तर इंजिन अजून एक हंगाम काढेल. झाकण नाचू लागलं, उडून खाली पडलं, तोंडातून निळसर धूर भसाभसा यायला लागला, की तो मान हलवतो. “बॅक मारतंय.” मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण या दोन शब्दांचा अर्थ रिंगा, पिस्टन, लायनर आणि काही हजारांचा, कधी लाखाच्या वरचा खर्च.

‘बॅक कॉम्प्रेशन’ हा शब्द इंग्रजी पुस्तकात शोधला तर सहजी सापडणार नाही. तिथे याला ब्लो-बाय म्हणतात. आपल्या गॅरेजांनी दोन इंग्रजी शब्द उचलले आणि त्यातून स्वतःचा तिसरा घडवला. मला तो मूळ शब्दापेक्षा जास्त आवडतो. ब्लो-बाय एवढंच सांगतो की वायू पिस्टनच्या बाजूने निसटला. बॅक कॉम्प्रेशन सांगतो की तो गेला कुठे: ज्या दाबाने पिस्टन खाली ढकलायचा, तोच दाब मागच्या दाराने इंजिनाच्या पोटात शिरला. आपल्या मेकॅनिकची नजर रिंगेवर थांबत नाही, क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीपर्यंत, म्हणजे क्रँककेसपर्यंत जाते. आणि ही सगळी कथा त्या पेटीचीच आहे.

ती पेटी पूर्वी नव्हतीच. जुन्या वाफेच्या इंजिनात क्रँक, कनेक्टिंग रॉड सगळं उघड्यावर फिरायचं. तेलाची चोच असलेला डबा घेऊन माणूस फिरत्या सांध्यांवर थेंब थेंब सोडायचा. इंजिन सावकाश चालायचं, म्हणून हे चालून गेलं. वेग वाढवायचा तर तेल सतत आणि भरपूर हवं. भरपूर तेल म्हणजे चहूकडे शिंतोडे. म्हणून फिरणारा सगळा संसार झाकावा लागला. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये पीटर विलन्स याने वाफेचं वेगवान इंजिन पेटीत बंद केलं. क्रँक खालच्या तेल-पाण्यात बुडून वर येई आणि तेच उडवून सगळ्यांना वंगण पुरवी. १८९० मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस आणि मॉरकॉम कारखान्यातल्या आल्बर्ट पेनने पंपाने दाबून तेल फिरवण्याचं पेटंट घेतलं. आज बोटीवरचा माणूस ज्या ऑईल प्रेशरच्या काट्याकडे घटकेघटकेला बघतो, त्याचं मूळ तिथे आहे.

इकडे जर्मनीत कान्स्टाटला गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये उभ्या सिलिंडरचं छोटं, वेगाने फिरणारं पेट्रोल इंजिन केलं. त्याचा क्रँक आणि चाक दोन्ही बंद पेटीत होते. उभ्या घड्याळासारखं दिसे म्हणून त्याला ‘आजोबांचं घड्याळ’ हे टोपणनाव पडलं. त्याच घडणीचं इंजिन पुढच्या वर्षी त्यांनी नेकार नदीवरच्या साडेचार मीटरच्या एका होडीत बसवलं. पेट्रोलचा भडका उडेल या भीतीने लोक बसेनात, तेव्हा डाइमलरने इंजिनावर चिनीमातीचं आवरण घातलं आणि हे तेल-विजेवर चालतं असं सांगितलं, अशी हकिगत आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की बंद पेटीचं हे इंजिन रस्त्यावरच्या गाडीत स्थिरावण्याआधीच पाण्यावर उतरलं होतं. क्रँककेस आणि मोटरबोट ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत.

पेटी बंद झाली आणि नवा पेच उभा राहिला. पिस्टनला रिंगा असतात, पण प्रत्येक रिंगेला एक फट असावीच लागते, नाहीतर तापल्यावर ती फुगून लायनरमध्ये जाम होईल. डिझेल इंजिनात हवा मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते, वर पेटलेल्या डिझेलचा जोर. एवढ्या दाबाला केसाएवढी फटही पुरते. म्हणून कोऱ्या करकरीत इंजिनातही थोडं बॅक असतंच. सहा लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन १८०० फेऱ्यांवर चालू धरा. मिनिटाला ते साधारण ५४०० लिटर हवा ओढतं. त्यातला शंभरावा भाग निसटला तरी मिनिटाला ५४ लिटर झाला, पाण्याच्या मोठ्या जारांनी मोजलं तर पावणेतीन जार. हा सगळा वायू पेटीतून बाहेर गेला नाही तर?

तर तो वाट काढतो. पेटीतला दाब पाण्याच्या उंचीत मोजतात, कारण तो फार लहान असतो: १०० मिलिमीटर पाणी म्हणजे हवेच्या दाबाचा शंभरावा हिस्सा. ऐकायला किरकोळ. पण ३० बाय २० सेंटिमीटरच्या पत्र्याच्या झाकणावर तोच दाब आतून सहा किलोचा रेटा देतो. क्रँकच्या टोकाला असलेल्या ऑईल सीलची रबरी कड उडणारं तेल अडवायला केलेली असते, वायूचा रेटा झेलायला नव्हे. मग सील गळतं. मालक सील बदलतो, महिन्याने पुन्हा गळतं. दुसऱ्या कंपनीचं आणतो, तेही गळतं. बिघाड सीलमध्ये नसतोच. ब्रीदर, म्हणजे पेटीतला वायू बाहेर सोडणारं तोंड, तुंबलेला असतो किंवा रिंगा संपलेल्या असतात. मला राहून राहून वाटतं की आपल्या किनाऱ्यावर जितकी सीलं विनाकारण फेकली गेली असतील, त्याच्या अर्ध्या वेळी जरी कुणी ब्रीदर काढून रॉकेलने धुतला असता, तरी कितीतरी पैसा वाचला असता.

ब्रीदर हा या पेचावरचा सगळ्यात जुना उतारा. पेटीला एक तोंड ठेवायचं, त्यात तारेचा गुंता किंवा जाळी भरायची म्हणजे तेलाचे थेंब अडकून परत खाली ठिबकतील आणि वायू तेवढा बाहेर जाईल. एक सिलिंडरच्या इंजिनात यात एक खुबी करावी लागली. तिथे एकटा पिस्टन खाली आला की पेटीतली जागा आक्रसते, वर गेला की पसरते. पेटी भात्यासारखी चालते. नुसतं भोक ठेवलं तर ती तेल बाहेर फेकेल आणि बाहेरची धूळ आत ओढेल. १९३० च्या आसपास इंग्लंडच्या डर्स्ली गावातून आलेल्या लिस्टरच्या इंजिनाला म्हणूनच पेटीवर एक पातळ पडदा असलेला ब्रीदर होता. आतला वायू बाहेर सोडायचा, बाहेरचा आत घ्यायचा नाही. पिस्टन वर गेला की पेटीत किंचित निर्वात राही आणि सांध्यांतून तेल बाहेर येण्याऐवजी आतच राही. याच लिस्टरच्या नकला राजकोटात हजारोंनी ओतल्या गेल्या, आणि पिठाच्या गिरण्या आणि विहिरीवरचे पंप त्यांनी वर्षानुवर्षं चालवले. बुलेट मोटरसायकलच्या पेटीलाही बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असे, तीही याच घराण्यातली. दोन इंचांचा रबराचा तुकडा. तो फाटला की बुलेट जागोजागी तेल गाळू लागते.

घराण्यात एक उलट्या स्वभावाची शाखाही आहे. बाथ शहरातल्या जोसेफ डेने १८९१ च्या सुमारास टू-स्ट्रोक इंजिन केलं आणि पेटीच्या या भात्यालाच कामाला लावलं: हवा-पेट्रोल आधी पेटीत घ्यायचं, पिस्टन खाली येताना ते दाबायचं आणि सिलिंडरमध्ये ढकलायचं. लहान होडीच्या मागे टांगलेल्या जुन्या आउटबोर्डला ब्रीदर नसतो तो यामुळे. तिथे पेटीतला दाब हाच इंजिनाचा घास आहे. गळला तर इंजिन उपाशी राहतं.

मोटारी आणि ट्रक आले तेव्हा ब्रीदरला एक लांब नळी जोडली गेली. ती इंजिनाखाली उतरून तिरकी कापलेली असे. गाडी धावू लागली की खालून जाणारा वारा त्या तिरक्या तोंडापाशी ओढ निर्माण करी आणि पेटीतला वायू शोषला जाई. फुकटचा पंखाच. पण गाडी थांबली की ओढही थांबे.

आणि इथेच आपल्या बोटींची गोष्ट सुरू होते. १९५० च्या दशकात सरकारी कर्ज आणि सहकारी सोसायट्यांच्या आधाराने सातपाटी, वर्सोवा, वसई पट्ट्यातल्या शिडाच्या होड्यांना इंजिनं बसू लागली. केरळातल्या कोरीव होड्यांना किंवा आंध्रातल्या ओंडक्यांच्या तराफ्यांना इंजिन बसवणं अवघड होतं, तिथे नव्या बोटी आखाव्या लागल्या. मुंबई आणि सौराष्ट्राकडची शिडाची गलबतं मात्र मुळातच खोल, फळ्यांची, दणकट कण्याची. त्यात इंजिन मांडता आलं. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली होती. रस्टनची एक-दोन सिलिंडरची इंजिनंही जुन्या तांडेलांच्या तोंडी आहेत. पुढे बोटी मोठ्या झाल्या आणि अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन घरोघरी आलं. ते मूळ ट्रकच्या कुळातलं. समुद्राच्या पाण्याने थंड होण्याची सोय आणि बोटीचा गिअर जोडून पाण्यावर आलेलं.

ट्रकचं इंजिन बोटीत आलं, पण ट्रकचा वारा आला नाही. फळ्यांच्या खाली, चहूबाजूंनी बंद जागेत ब्रीदरची नळी ओढ निर्माण करत नाही, ती फक्त सांडते. ट्रकचं इंजिन सपाट बसतं. बोटीत शाफ्टच्या उतारामुळे मागे कललेलं असतं. तेल मागे साचतं, आणि डिपस्टिकची खूण ट्रकची असेल तर तेल जास्त भरलं जातं. मग क्रँक त्या तेलाला घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदर तेल ओकू लागतो. रिंगा चांगल्या असूनही मालक घाबरतो. याहून मोठा फरक कामाचा. ट्रकला घाटाचा उतार मिळतो, समुद्राला उतार नाही. पंखा प्रत्येक क्षणी पाणी कापत असतो. फेऱ्या दहा टक्के वाढवल्या तर पंख्याला लागणारी ताकद जवळपास तेहतीस टक्क्यांनी वाढते, कारण ती फेऱ्यांच्या घनाने चढते. जरा मोठा पंखा बसवला की इंजिन कायमचं ओझ्याखाली येतं, काळा धूर टाकतं, रिंगा झिजतात. उलट जाळं टाकून रात्रभर दिव्यांपुरतं मंद चालवलं, तर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि रिंगा नीट बसत नाहीत. दोन्ही टोकांना वाट एकाच ठिकाणी जाते: बॅक कॉम्प्रेशन.

मोठ्या जहाजांनी बंद पेटीतल्या आणखी एका धोक्याचा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. ११ सप्टेंबर १९४७ रोजी बेलफास्टजवळ ‘रेना देल पॅसिफिको’ हे प्रवासी जहाज युद्धकाळातल्या कामानंतर दुरुस्त होऊन चाचणीला निघालं होतं. चाचणीदरम्यान इंजिनांच्या पेट्यांमध्ये स्फोट झाले. २८ माणसं गेली. चौकशीनंतर जे जगाला नीट कळलं ते असं: पेटीत उडणारं तेल घातक नसतं, कारण त्याचे थेंब जाड असतात. पण एखादा पिस्टन किंवा बेअरिंग लालबुंद तापलं, तर त्यावर पडलेल्या तेलाची वाफ होते आणि ती गार होताना धुक्यासारखी गोठते. एका लिटर हवेत साधारण ५० मिलिग्रॅम तेलधुकं झालं की ते पेटू शकतं. पहिला भडका झाकणं फोडतो. मग बाहेरची ताजी हवा आत घुसते आणि दुसरा, त्याहून मोठा स्फोट होतो.

म्हणून आज सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या सिलिंडरच्या इंजिनांना पेटीवर स्फोट-झडपा लागतात. जहाज-वर्गीकरण संस्थांच्या नियमांनुसार त्या ०.२ बार, म्हणजे दोन मीटर पाण्याइतक्या दाबाच्या आत पूर्ण उघडल्या पाहिजेत, आणि वायू निघाल्यावर लगेच मिटल्याही पाहिजेत, हवा आत जाऊ नये म्हणून. याच नियमांत एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. पेटीतला वायू पंख्याने ओढून काढायचा असेल, तर आतलं निर्वात २५ मिलिमीटर पाण्यापेक्षा जास्त नको. जेमतेम दीड बोट. श्वास कोंडू नये, तसा तो जोराने ओढूही नये. दोन इंजिनांच्या ब्रीदरच्या नळ्या एकत्र जोडायलाही मनाई आहे. एकाची आग दुसऱ्याच्या पोटात जायला नको.

आपल्या बोटींचे सिलिंडर दहा-अकरा सेंटिमीटरचे, त्यामुळे हा झडपांचा नियम त्यांना लागू होत नाही. पण धुक्याचं शास्त्र तेच. इंजिन अति तापून जाम झालं की लगेच बाजूची झाकणं उघडू नयेत, आधी ते गार होऊ द्यावं, हे वर्सोवा-अलिबागच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांतून डिझेल इंजिनाचं काम शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या मनावर कोरलं जायला हवं.

रेल्वेने निर्वाताचा मार्ग घेतला. १९६२ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनात पेटीतला वायू ओढायला वेगळी मोटर आणि पंखा असे. त्याचं नावच क्रँककेस एक्झॉस्टर. नंतरच्या दुसऱ्या घराण्यातल्या लोको इंजिनांनी धुराड्यातून वेगाने जाणाऱ्या धुराच्या ओढीवर तेच काम साधलं आणि सोबत एक पहारेकरी ठेवला. पेटीत दाब चढला की तो इंजिनच बंद करतो.

मोटारींची वाट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांना खाली लोंबणारी नळी परवडत नव्हती, म्हणून पेटीतला वायू इंजिनालाच परत प्यायला देण्याची झडप वापरात आली. युद्धानंतर ती मागे पडली. मग १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसवरचं डोळे झोंबवणारं धुकं न जळलेल्या इंधनापासून बनतं हे दाखवलं. त्यातला सुमारे पाचवा भाग सायलेन्सरातून नव्हे, तर या ब्रीदरच्या नळीतून येत होता. १९६१ च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत ती झडप आली. नळीचं तोंड मोकळ्या हवेऐवजी इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेकडे वळलं.

शर्यतीच्या आणि गस्तीच्या वेगवान बोटींना हे दोन्ही मार्ग लागतात, वर त्यांची एक वेगळी अडचण. थंड समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरवलं तर पिस्टन आणि सिलिंडरमध्ये जास्त मोकळीक ठेवावी लागते, म्हणजे निसटणाराही वायू जास्त. त्यात टर्बो असला की त्याच्या सीलमधून येणाऱ्या दाबाची भर. तिथे उंच ब्रीदर, तेल वेगळं करणारे फिल्टर-डबे आणि शर्यतीत तर खास निर्वात पंप लावतात. रिंगांखालचा दाब कमी झाला की त्या नीट बसतात आणि ताकद वाढते. पेटीतला वायू टर्बोला परत पाजायचा तर आधी त्यातलं तेल गाळून घ्यावंच लागतं, नाहीतर इंटरकूलर चिकट होऊन बसतो.

आता नवापूरला परत येऊ. तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी याच किनाऱ्यावरून समुद्रात जाते, आणि त्याविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादात जावं लागलं. जवळ मासळी राहिली नाही, असं इथले मच्छीमार सांगतात. मग १२ वाव, १५ वाव, त्याच्याही पुढे खोल पाण्यात जावं लागतं. जितकं दूर जायचं तितके तास इंजिन ओझ्याखाली, आणि तितके तास एक माणूस त्याच्याशेजारी. इंजिन सांभाळणारा खलाशी अनेक बोटींवर त्याच बंद जागेत झोपतो. ब्रीदरची नळी त्याच्या उशापाशी सांडत असते: न जळलेलं डिझेल, काजळी, तेलाचं धुकं. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवलं. पेटीतून येणाऱ्या वायूत त्याच धुराचा अंश असतो. सायलेन्सरला आपण मोठ्या खटपटीने बाहेर काढतो, कारण त्याचा आवाज असतो. ब्रीदर गुपचूप सोडतो, म्हणून तो आतच राहतो. मला याचं फार वाईट वाटतं.

उपाय महाग नाही. ब्रीदरला पुरेशा रुंदीची नळी, कुठेही खाली झोळ न पडता वर चढत जाणारी, कारण झोळात तेल-पाणी साचलं की नळी बंदच झाली. वाटेत तेल उतरायला एक डबा, त्यातलं तेल टाकून द्यायचं, परत इंजिनात नाही. नळीचं टोक त्या डब्यातल्या तेलात बुडलेलं नको. तोंडाला फडकं बांधलेलं तर मुळीच नको. तेलाने भिजलेलं फडकं आणि बूच यांत फरक राहत नाही. आणि टोक केबिनच्या बाहेर, वाऱ्याच्या पाठीकडे, पाऊस आणि लाट न शिरेल असं खाली वळलेलं.

आणि एक पारदर्शक नळी. इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून फळीवर बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवायचं, दुसरं मोकळं. १ ऑगस्टला पहिल्या फेरीला निघताना, भर आवाजात, दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक किती बोटं आहे ते बघून फळीवर पेन्सिलीने खूण करायची आणि तारीख टाकायची. दिवाळीला पुन्हा. होळीला पुन्हा. खुणा वर चढत असतील तर आधी ब्रीदर धुवायचा आणि परत मोजायचं. तरीही चढत असतील तर रिंगांची ऑर्डर एप्रिलमध्येच द्यायची, कारण जूनमध्ये सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या सगळ्या बोटी एकदम खोलल्या जातात आणि माल मिळेपर्यंत जुलै उजाडतो.